बास्केटबॉलचे जनक डॉ. नेस्मिथ

डॉ. जेम्स नेस्मिथ यांचा जन्म १८६१ साली कॅनडात झाला. बालपणीच ते पोरके झाले. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे शिक्षक असता, १८९१ च्या हिवाळ्यात, व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकून व १३ नियम रचून त्यांनी बास्केटबॉल हा खेळ निर्माण केला. पुढे कॅन्सस विद्यापीठात त्यांनी संघ उभारला. परंतु त्यांच्या कारकीर्दीत ५५ विजय, तर ६० पराजय पदरी आले. जयापेक्षा मुलांचे शरीर व शील घडावे, हाच त्यांचा ध्यास होता. १९३९ च्या मार्चमध्ये अमेरिकन महाविद्यालयांची एन. सी. ए. ए. अजिंक्यपद स्पर्धा प्रथमच भरली व ऑरेगॉनने ती जिंकली. त्याच नोव्हेंबरात डॉक्टर निवर्तले. १९५२ साली त्यांचेच शिष्य फॉग ॲलन यांनी कॅन्ससला ते अजिंक्यपद मिळवून दिले. विद्यार्थीमित्रहो, गुरूने लाविलेल्या वृक्षाची फळे शिष्याच्या हाती यावीत, यातच गुरूची कृतार्थता नव्हे काय?