दाबोळीवर आलेल्या विमानाचा निर्माता

१८ डिसेंबर १९६१ रोजी सकाळी पुण्याहून निघालेली १२ कॅनबेरा बॉम्बफेकी विमाने दाबोळीवर आली. विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखालील या तुकडीने काही मिनिटांत ६३ हजार पौंड वजनाचे बॉम्ब धावपट्टीवर टाकले. पाठोपाठ विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या आठ कॅनबेरांनी पुन्हा मारा केला. विमानतळाच्या इमारतींना धक्का लावायचा नाही, असा आदेश होता आणि तो पाळला गेला. गोमंतकाच्या मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात या हल्ल्याची नोंद आहे. मात्र ज्यांच्या बुद्धीतून हे विमान जन्मले, ते विल्यम एडवर्ड विलोबी पेटर त्या वेळी विमानविद्येशी सारे संबंध तोडून स्वित्झर्लंडमधील एका ख्रिस्ती धार्मिक समुदायात राहत होते. त्यांचे वय होते अवघे ५३ वर्षांचे.

पेटर यांचा जन्म ८ ऑगस्ट १९०८ रोजी लंडनच्या हायगेट भागात झाला. वडील सर अर्नेस्ट पेटर हे वेस्टलँड या विमान कारखान्याच्या संस्थापकांपैकी. केंब्रिज विद्यापीठात यंत्रशास्त्राची पदवी पहिल्या वर्गात मिळवून टेडी पेटर १९२९ मध्ये वडिलांच्याच कारखान्यात उमेदवार म्हणून दाखल झाले. पुढे सहाच वर्षांत त्यांच्याकडे तांत्रिक संचालकपद आले. मालकाच्या मुलाची ही झेप जुन्या अनुभवी मंडळींना रुचली नाही. स्वभावही अबोल, काहीसा तुटक, आणि आपल्या आराखड्यात दुसऱ्याचा हात न खपवून घेणारा. मात्र विमान चालवणाऱ्याचे म्हणणे ते मन लावून ऐकत. लायसँडर हे सैन्याला साहाय्य करणारे विमान आखण्यापूर्वी त्यांनी वैमानिकांना गाठून त्यांच्या गरजा विचारल्या. त्यातून आखूड जागेत उतरणारे आणि वैमानिकाला खालची जमीन नीट दिसू देणारे विमान तयार झाले.

भारतीय वायुदलाशी पेटर यांचे नाते जुळले ते याच विमानामुळे. मुंबईच्या युद्धनिधीतून लायसँडर विमाने पहिल्या स्क्वाड्रनला मिळाली आणि १९४२ मध्ये के. के. मजुमदार यांनी ती ब्रह्मदेशच्या आघाडीवर नेली. टेहळणीसाठी घडवलेल्या या विमानांना बॉम्ब लावून भारतीय वैमानिकांनी जपानी तळांवर हल्ले केले.

१९४४ मध्ये वेस्टलँड सोडून पेटर प्रेस्टनच्या इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीत आले. तेथे नव्याने जमवलेल्या मोजक्या अभियंत्यांना घेऊन त्यांनी ब्रिटनच्या पहिल्या जेट बॉम्बर विमानाचे काम आरंभले. पंख मागे वळवण्याचे नवे शास्त्र त्या काळी सर्वांना खुणावत होते. पेटर यांनी तो मोह टाळला. सरळ, रुंद, भरपूर क्षेत्रफळाचे पंख आणि त्यांत बसवलेली दोन एव्हॉन इंजिने, एवढीच त्यांची योजना. मूळ रूपात बचावासाठी एकही तोफ नव्हती. शत्रूच्या लढाऊ विमानांना गाठता येणार नाही इतके उंच आणि वेगाने जाणे, हाच बचाव. त्या रुंद पंखांमुळे विमान अतिउंचावर स्थिर राही आणि तरीही लढाऊ विमानासारखे सहज वळे. १३ मे १९४९ रोजी रोलंड बीमाँट यांनी ते प्रथम उडवले. १९५१ मध्ये वाटेत इंधन न घेता अटलांटिक महासागर ओलांडणारे ते पहिले जेट विमान ठरले आणि १९५७ मध्ये त्याने ७० हजार फुटांची उंची ओलांडली. शीतयुद्धात ब्रिटनच्या कॅनबेरांनी जर्मनीतील तळांवरून अण्वस्त्रांचीही जबाबदारी वाहिली. अमेरिकेने परवाना घेऊन ते बी-५७ या नावाने बांधले.

हे यश पाहायला पेटर तेथे थांबले नव्हते. कारखान्याच्या व्यवस्थापनाशी मतभेद वाढले आणि १९५० च्या आरंभी, उत्पादन सुरू होण्यापूर्वीच, ते बाहेर पडले. पुढे लायटनिंग म्हणून गाजलेल्या लढाऊ विमानाचा आराखडाही त्यांनी सहकाऱ्यांच्या हाती सोडला.

फॉलंड कंपनीत त्यांनी हट्टाने उलट वाट धरली. लढाऊ विमाने वर्षागणिक जड आणि महाग होत आहेत, ही त्यांची तक्रार होती. तिचे उत्तर म्हणजे चिमुकले नॅट. ब्रिटिश वायुदलाने ते लढाईसाठी घेतले नाही, फक्त प्रशिक्षणासाठी घेतले. भारताने मात्र १९५६ मध्ये परवाना घेतला आणि बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये ते बांधले. १९७१ मध्ये श्रीनगरच्या आकाशात निर्मलजितसिंग सेखों यांना वीरमरण आले ते नॅटमध्येच. त्यांना मिळालेले परमवीरचक्र वायुदलातील एकमेव आहे. पेटर यांची पारख त्यांच्या देशाआधी भारताला झाली, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

१९५९ मध्ये फॉलंड कंपनी मोठ्या उद्योगसमूहात विलीन झाली. पेटर यांनी राजीनामा दिला आणि स्विस पत्नी व मुलींसह ते स्वित्झर्लंडला गेले. ते परतले नाहीत.

त्यांचे विमान मात्र लढतच राहिले. १९५७ पासून भारताकडे येऊ लागलेल्या कॅनबेरांनी गोव्यातील कारवाईच्याच महिन्यात काँगोमध्ये संयुक्त राष्ट्रांसाठी हल्ले केले. १९६५ च्या युद्धात त्यांनी पेशावर व सरगोधा येथील तळ गाठले. त्याच युद्धात पाकिस्तानची बी-५७ विमाने भारतीय तळांवर येत होती. म्हणजे एकाच माणसाची रचना दोन्ही बाजूंनी रात्रीच्या अंधारात एकमेकींच्या धावपट्ट्या शोधत होती. १९७१ मध्ये कराचीतील तेलसाठ्यांवर कॅनबेरांनीही मारा केला. दाबोळीला त्या दिवशी दिलेली सूट पोर्तुगीजांच्या पथ्यावर पडली. त्यांनी रातोरात धावपट्टीची डागडुजी केली आणि तेथे उभी असलेली दोन विमाने उडवून कराची गाठली.

१ मे १९६८ रोजी फ्रान्समधील बेरुज येथे पेटर यांचे निधन झाले. ११ मे २००७ रोजी आग्र्याच्या तळावर भारतीय वायुदलाने कॅनबेराला निरोप दिला, तेव्हा या विमानाची भारतातील सेवा ५० वर्षांची झाली होती. हवामान आणि वातावरणाच्या संशोधनासाठी अमेरिकेच्या नासाने या घराण्यातील विमाने त्यानंतरही उडवली.