लोकमान्य आणि नऊ ज्यूरर

गणेशोत्सवात श्रींच्या मूर्तीबरोबर लोकमान्य टिळकांच्या तसबिरीलाही आपण हार घालतो. उत्सवाला सार्वजनिक रूप देणारे, केसरीकार, गीतारहस्यकार म्हणून घरातली लहान मुलेही त्यांना ओळखतात. मात्र तीन गाजलेल्या खटल्यांत त्यांचे भवितव्य ज्यूरीच्या, म्हणजे न्यायाधीश नसलेल्या साध्या नागरिकांच्या हाती होते आणि तिन्ही वेळा निकाल विरुद्ध गेला, हे सहसा सांगितले जात नाही. असे का व्हावे?

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीला झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक. डेक्कन कॉलेजातून १८७७ साली बी. ए. आणि १८७९ साली एलएल. बी. झाल्यावर त्यांनी वकिलीची सनद न घेता १८८० साली मित्रांसह न्यू इंग्लिश स्कूल काढले. पुढच्याच वर्षी केसरी आणि मराठा सुरू झाले. पुढे पुण्यात त्यांनी कायद्याचा वर्गही चालवला. कोर्टाची भाषा त्यांना पुरती अवगत होती.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला आणि घरझडत्यांमुळे लोक संतापले. १५ जूनच्या केसरीत शिवाजी उत्सवाची हकीकत छापून आली. तीत अफझलखान वधाची चर्चा होती. आठवड्याने, २२ जूनच्या रात्री, प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. टिळकांवर खुनाचा आरोप कधीच ठेवला गेला नाही. खटला होता राजद्रोहाचा. पण त्या दोन तारखा ज्यूरीतल्या प्रत्येकाच्या डोक्यात होत्या. एकापाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टी मन आपोआप कार्यकारण म्हणून जोडते, त्याला पुरावा लागत नाही. त्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला समजावताना सरकारविषयी प्रेम नसणे म्हणजेच अप्रीती, असा कायद्याचा अर्थ लावला. सहा युरोपियनांनी दोषी ठरवले, तिघा भारतीयांनी निर्दोष. अठरा महिने सक्तमजुरी झाली.

१९०८ साली हेच चित्र अधिक गडद झाले. ३० एप्रिलला मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटात दोन युरोपियन स्त्रिया मारल्या गेल्या. केसरीतल्या लेखांनी बाँबचे समर्थन केले नव्हते. सरकारच्या दडपशाहीतून हे उगवले, असे त्यांचे म्हणणे होते. २४ जूनला टिळकांना अटक झाली. न्यायमूर्ती दावर यांनी जामीन नाकारला. अकरा वर्षांपूर्वी याच दावरांनी बॅरिस्टर म्हणून टिळकांसाठी जामीन मिळवला होता!

सरकारने खास ज्यूरी मागितली. अशा ज्यूरीत मराठी न जाणणारे युरोपियन बहुसंख्य होतील, असा आक्षेप बॅरिस्टर बाप्टिस्टा यांनी घेतला, पण तो टिकला नाही. सात युरोपियन आणि दोन पारशी बसले. खटला मराठी लेखांवर, आणि ज्यूरीसमोर इंग्रजी भाषांतर. एखाद्या मराठी शब्दाचा कडूपणा किंवा सौम्यपणा भाषांतरात किती बदलतो, हे आपल्यासारख्या दोन-तीन भाषांत वावरणाऱ्या घरांना वेगळे सांगायला नको. शिवाय झडतीत एक पोस्टकार्ड सापडले होते. त्यावर स्फोटक पदार्थांवरच्या दोन पुस्तकांची नावे होती. स्फोटकांच्या नव्या कायद्यावर लिहिण्यासाठी ती टिपली, असा टिळकांचा खुलासा होता. पण घाबरलेल्या माणसाला कार्ड दिसते, खुलासा ऐकू येत नाही.

टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतःच केला. एकवीस तासांहून अधिक वेळ, अनेक दिवस, ते त्या नऊ जणांशी बोलले. दयेची याचना केली नाही. भाषांतरातल्या चुका दाखवल्या, लेख ज्या वादाच्या ओघात लिहिले तो ओघ समजावला. २२ जुलैच्या रात्री ज्यूरी परतली : सात विरुद्ध दोन. ज्यूरीचे एकमत नसले तरी नऊपैकी सहा जण एका मताचे असले आणि न्यायाधीश सहमत असले, की ते मत पुरेसे होई. सहा वर्षे हद्दपारी आणि हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी टिळकांचा बावन्नावा वाढदिवस होता. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहून झाले. तिथेच १९१२ साली सत्यभामाबाई गेल्याची बातमी आली. जून १९१४ मध्ये ते पुण्यास परतले.

पुढचा खटला आपल्या बेळगावशी जोडलेला. एप्रिल १९१६ मध्ये इथेच होमरूल लीग स्थापन झाली आणि १ मे रोजी इथेच टिळकांचे भाषण झाले. या आणि नगरच्या भाषणांवरून मॅजिस्ट्रेटने वीस हजारांचा जामीन मागितला. प्रकरण हायकोर्टात गेले. बाजू मांडली बॅरिस्टर जिनांनी. इथे ज्यूरी नव्हती. दोघा न्यायमूर्तींनी सुट्या शब्दांवर न अडता भाषणे अथपासून इतिपर्यंत एकत्र तोलली आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी तो हुकूम रद्द केला. तोच माणूस, तोच कायदा. फक्त ऐकण्याची रीत निराळी.

१९१९ साली लंडनमध्ये व्हॅलेंटाईन चिरोलविरुद्ध अब्रुनुकसानीची फिर्याद मात्र पुन्हा ज्यूरीपुढे गेली. महायुद्ध नुकतेच संपले होते. चिरोलचे वकील कार्सन यांनी जुन्या शिक्षा पुढे मांडल्या. आधीच्या ज्यूरीचे भय पुढच्या ज्यूरीसाठी पुरावा झाले! टिळक हरले आणि खर्च लाखांच्या घरात गेला. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात त्यांची प्राणज्योत मालवली.

१९०८ चे ते सातजण दुष्ट होते, असे समजण्याचे कारण नाही. ते भ्यालेले होते, परक्या भाषेपुढे बसले होते, आणि आपल्यासारख्याच माणसांत बसल्याने त्यांना आपले भय शहाणपण वाटत होते. आज ज्यूरी नाही, पण गल्लीत, संस्थेत, घरच्या बैठकीत आपण रोज कुणाचा ना कुणाचा निवाडा करतोच. मुंबई हायकोर्टात १९५६ सालापासून टिळकांच्या स्मरणाची शिला आहे. तिच्यापुढे उभे राहताना त्या दोघा पारशी गृहस्थांनाही मनोमन नमस्कार करावा. सातजणांसोबत बसूनही त्यांनी पूर्ण ऐकून घेतले होते.