तारामती झालेले अण्णा

मुंबईत ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात अण्णा साळुंके दरमहा १० रुपयांवर राबत होते. दादासाहेब फाळक्यांची नजर त्यांच्या नाजूक हातांवर आणि सडपातळ बांध्यावर गेली. ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती हवी होती, पण कलावंतिणीसुद्धा कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हत्या. फाळक्यांनी १५ रुपये देऊ केले. अवघ्या पाच रुपयांच्या वाढीने आपल्या चित्रपटाला पहिली नायिका मिळाली. ३ मे १९१३ रोजी ती कॉरोनेशनच्या पडद्यावर झळकली.

त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड नाशकाला आणले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या. तरीही अण्णांचे लुगडे सुटले नाही. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम तेच, सीताही तेच! पुढे ते स्वतःच कॅमेऱ्यामागे उभे राहिले.

१९३१ साली बोलपट आला आणि मूकपटांबरोबर अण्णाही विस्मरणात गेले. बालगंधर्वांच्या आठवणी घरोघरी निघतात. अण्णांचा तर आवाजही प्रेक्षकांनी ऐकला नव्हता. सीतागुंफेकडे जाताना, वाचकहो, पडद्यावरच्या या सीतेचीही क्षणभर आठवण ठेवावी.