नाट्याचार्य खाडिलकर आणि ‘कीचकवधा’वरील बंदी

आपल्या स्मरणिकेत एखाद्या दिवंगत थोर पुरुषाचे अल्पचरित्र असावे, ते वडीलधाऱ्यांनी वाचावे व मुलांस वाचून दाखवावे, या हेतूने यंदा आम्ही नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे चरित्र निवडले आहे. ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ यांतील पदे ज्या घरांत आजही गुणगुणली जातात, त्या घरांस त्यांचे नाव नव्याने सांगावयास नको. परंतु याच लेखणीतून उतरलेले एक नाटक सरकारने अनेक वर्षे रंगभूमीवर येऊ दिले नाही, आणि याच लेखणीपायी त्यांस उतारवयात तुरुंगाची हवा खावी लागली, ही हकीकत नव्या पिढीच्या कानी क्वचितच पडते. म्हणून त्यांच्या संगीत नाटकांपेक्षा त्यांच्यावर आलेल्या बंदीविषयीच आम्ही येथे विस्ताराने लिहीत आहोत.

खाडिलकरांचा जन्म १८७२ साली सांगली येथे झाला. नाटकाचे वेड त्यांस लहानपणापासून होते, आणि सांगली हे तर विष्णुदास भावे यांचे गाव, मराठी नाटकाचे माहेरघरच! पुण्यास उच्च शिक्षण पुरे करून पदवीधर झाल्यावर त्यांनी सुखाची नोकरी पाहिली नाही. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’त ते दाखल झाले. त्या काळी ‘केसरी’त लिहिणे म्हणजे विस्तवाशी खेळ होता. राजद्रोहाचे कलम दंडविधानात १८७० साली घातले गेले होते व त्याचाच आधार घेऊन १८९७ साली लोकमान्यांस दीड वर्षाची शिक्षा झाली होती. हे सर्व डोळ्यांसमोर असतानाही तरुण खाडिलकरांनी त्याच कचेरीत आपले आयुष्य गुंतविले. पुढे काही काळ ते नेपाळातही राहिले. बाहेरून पाहणाऱ्यास तो कौलांचा कारखाना होता. आतील हेतू मात्र शस्त्रे तयार करण्याचा होता. तो बेत सिद्धीस गेला नाही व खाडिलकर पुन्हा लेखणीकडे वळले.

आता नाटकावरील बंदीचा कायदा कसा होता, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. बंगालमध्ये ‘नीलदर्पण’ या नाटकाने निळीच्या मळेवाल्यांचा जुलूम उघडा केला होता, आणि पुढे १८७६ साली कलकत्त्याच्या रंगभूमीवर युवराजांच्या भेटीच्या प्रसंगावरून एक प्रहसन झाले. त्यामुळे अस्वस्थ झालेल्या सरकारने त्याच वर्षी नाट्यप्रयोगांचा कायदा केला. बदनामीकारक, राज्यकर्त्यांविषयी अप्रीती उत्पन्न करणारा अथवा प्रेक्षकांची नीती बिघडविणारा वाटेल तो प्रयोग एका हुकुमाने बंद करण्याचा अधिकार या कायद्याने सरकारास मिळाला. हुकूम मोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड अथवा दोन्ही. ही शिक्षा केवळ नटांपुरती नव्हती; मनाई ठाऊक असून जो प्रेक्षक जाणूनबुजून खेळास बसेल, त्यासही ती लागू होती. बोलणाऱ्याबरोबर ऐकणाराही गुन्हेगार ठरावा, हे या कायद्याचे मर्म होते. लेख वाचता न येणारा माणूसही नाटक पाहू शकतो, म्हणून रंगभूमीची धास्ती सरकारास वृत्तपत्राहून कमी नव्हती.

अशा स्थितीत १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे गद्य नाटक रंगभूमीवर आणले. कथा महाभारतातील विराटपर्वाची. पांडव अज्ञातवासात आहेत, द्रौपदी सैरंध्री होऊन राणी सुदेष्णेची सेवा करीत आहे, राणीचा भाऊ कीचक सत्तेच्या मदाने तिच्यावर हात टाकू पाहतो, विराट राजा दुर्बल असल्यामुळे न्याय देत नाही, धर्मराज धीर धरावयास सांगतो, आणि अखेरीस भीम कीचकाचा वध करतो. या कथेत आक्षेप घेण्याजोगे काय होते? पुराणिकांच्या मुखातून आणि आजीच्या मांडीवर बसून ती प्रत्येकाने ऐकलेली होती. परंतु दोनच वर्षांपूर्वी, १९०५ साली, लॉर्ड कर्झन यांनी वंगभंग केला होता. सर्व देश त्या अपमानाने जळत होता, आणि राजकारणात मवाळ व जहाल असे दोन पक्ष समोरासमोर उभे होते. प्रेक्षकांस कीचकात कर्झनसाहेब दिसले, सैरंध्रीत विटंबना सोसणारी भारतमाता दिसली, धर्मराजात मवाळांचा संयम आणि भीमात जहालांचा संताप दिसला. रंगमंचावर इंग्रजांचे नावही निघत नव्हते. अर्थ प्रेक्षक आपल्या मनाने लावीत होते.

१९०८ साली लोकमान्यांस सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले, तेव्हा ‘केसरी’च्या संपादनाचा भार खाडिलकरांवर आला. पुढील संकट १९१० साली आले. लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राच्या प्रतिनिधीने या नाटकाची चर्चा करून त्यातील पात्रांचा राजकीय अर्थ उलगडून सांगितला, आणि त्याच वर्षी मुंबई सरकारने ‘कीचकवधा’वर बंदी घातली. येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानी घ्यावी. महाभारतातील कीचक वाईट होता, एवढेच नाटकात होते. तो कीचक म्हणजे आमचाच माणूस, ही कबुली बंदी घालून सरकारने स्वतःच दिली! जो अर्थ नाट्यगृहात बसलेल्या काही शेकडा लोकांपुरता होता, तो बंदीच्या बातमीने सर्व देशास कळला. बंदीचा हा विपरीत परिणाम इतिहासात वारंवार दिसून येतो, तरी सत्ताधाऱ्यांस तो दर खेपेस नवाच वाटतो.

तथापि बंदीने काहीच बिघडत नाही असे म्हणणेही खरे होणार नाही. ही बंदी १९२६ साली उठली. मधल्या सोळा वर्षांत एक पिढी ते नाटक न पाहताच मोठी झाली. नाटक मंडळीचे चालू उत्पन्न बुडाले. ‘कीचकवधा’सारखे दुसरे नाटक लिहावे अशी ज्यांस इच्छा झाली असेल, त्यांतील कितीकांनी लेखणी हाती घेऊन पुन्हा खाली ठेवली, याची मोजदाद कोण करणार? जे लिहिले गेले ते जप्त झाले तरी कधीतरी परत मिळते. जे भीतीपोटी लिहिलेच गेले नाही, ते कायमचे गेले. बंदीची खरी हानी ही होय.

खाडिलकर मात्र लेखणी खाली ठेवणारे नव्हते. १९११ साली ‘मानापमान’, १९१३ साली ‘विद्याहरण’, १९१६ साली ‘स्वयंवर’ अशी त्यांची संगीत नाटके एकामागून एक रंगभूमीवर आली. कोणी म्हणेल, सरकारच्या भीतीने ते गाण्याकडे वळले. आम्हांस तसे वाटत नाही. ‘मानापमाना’त धनाच्या तोऱ्यापेक्षा शौर्य श्रेष्ठ ठरते, म्हणजे वेष बदलला तरी बाणा तोच होता. १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी एकत्र येऊन टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ केला, तेव्हा त्या बाण्याचे चीज झाले.

लोकमान्यांच्या निधनानंतर खाडिलकरांनी मुंबईस ‘लोकमान्य’ दैनिकाचे संपादन केले व १९२३ साली स्वतःचे ‘नवाकाळ’ सुरू केले. त्यातील लेखनाबद्दल १९२९ साली त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला होऊन एक वर्षाची शिक्षा झाली. तेव्हा त्यांचे वय छपन्न वर्षांचे होते. १९३३ साली नागपूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले. पुढील आयुष्य त्यांनी अध्यात्मचिंतनात घालविले आणि स्वराज्याचा उदय पाहून २६ ऑगस्ट १९४८ रोजी देह ठेवला.

तो १८७६ चा कायदा मात्र त्यांच्यामागेही उरला. १९५६ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने तो राज्यघटनेशी विसंगत ठरविला, आणि संसदेने तो रद्द केला तो थेट २०१७ साली. परके राज्य गेले तरी त्याची कुलुपे पुढे सत्तर वर्षे दारावर होती, हे आपण विसरू नये.

शेवटी आपल्या घरचा विचार करू. मुस्कटदाबी केवळ सरकारच करते असे नाही. ग्रामण्य, वाळीत टाकणे, पंक्तीस न घेणे, ही हत्यारे आपल्या जातिसंस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे, परदेशी जाऊन आलेले, मिशनऱ्यांच्या घरी चहा घेतलेले, असे कित्येक जण त्यांखाली भरडले गेले; प्रत्यक्ष लोकमान्य आणि न्यायमूर्ती रानडे यांसही त्याची झळ लागली. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा झाला. परंतु वार्षिक सभेत एखादा तरुण किंवा एखादी भगिनी न रुचणारे बोलू लागली की खाली बसा, खाली बसा असा गलका होतो, त्यास कोणता कायदा आवरणार? खाडिलकरांचे कौतुक करावयाचे आणि आपल्याच मुलाचे बोलणे मध्येच तोडावयाचे, हे एकत्र शोभत नाही.

यंदाच्या सभेत न पटणारे मत मांडणाऱ्यास आपण शेवटपर्यंत बोलू द्यावे, मग हवे तर खुशाल खोडून काढावे. नाट्याचार्यांचे एवढे स्मरण आपल्या हातून घडले, तरी हे चरित्र लिहिल्याचे आम्हांस समाधान लाभेल.