पलुसकरांचा प्रासादिक स्वर

विजयादशमी हा शस्त्रपूजनाचा दिवस, तसाच तो विद्यापूजनाचाही दिवस होय. पाटीवर सरस्वतीचे चिन्ह रेखाटून मुलांकडून तिची पूजा करून घेण्याची रीत आपल्या घराघरांत आहे. गवई मंडळी याच दिवशी तंबोऱ्याला गंध-फूल वाहतात आणि तबल्याच्या जोडीवर आपट्याचे सोने ठेवतात. स्वर हीदेखील शारदेचीच एक मूर्ती आहे, हा भाव त्या पूजेमागे असतो. आजच्या मंगल दिनी आम्ही अशाच एका स्वराचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. चौतीस वर्षांच्या अल्प आयुष्यात असंख्य देवघरांशी नाते जोडून गेलेला हा स्वर पंडित दत्तात्रेय विष्णु पलुसकर यांचा.

बोईसर-तारापूरच्या आपल्या परिसरात देशावरून, कोकणातून, खानदेश-विदर्भातून आणि परप्रांतांतूनही नोकरी-उद्योगानिमित्त कुटुंबे येऊन स्थिरावली. प्रत्येकाने येताना आपली कुलदेवता आणली, आपापली आरतीची चाल आणली. नवरात्राच्या नऊ रात्री येथे गरब्याचा आणि ध्वनिक्षेपकांचा जल्लोष असतो. तो आनंदाचाच भाग आहे. परंतु घट उठल्यावर जी शांतता घरात उतरते, तिच्यात ऐकावे असे संगीत कोणते, असा प्रश्न आम्हांला अनेकदा पडतो. प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी ऐकावे अशा ध्वनिमुद्रणांची यादी करावयाची झाल्यास पलुसकरांच्या भजनांना आणि छोट्या ख्यालांना आम्ही अगदी वरचे स्थान देऊ. मात्र त्या मुद्रिकांचे मोल कळण्यासाठी त्यांच्यामागील पितापुत्रांची कथा ठाऊक असावयास हवी.

आपल्या बोईसरहून मनोर, जव्हार, मोखाड्याचा घाटरस्ता धरला की त्र्यंबकेश्वरावरून नाशिकला पोहोचता येते. या कथेचा मोठा भाग त्याच पुण्यक्षेत्री घडला. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर हे दत्तात्रेयांचे वडील. त्यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडचा. लहानपणी दारूच्या स्फोटाने त्यांची दृष्टी अधू झाली आणि शालेय शिक्षण खुंटले. पुढे मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या पायाशी बसून त्यांनी ग्वाल्हेर घराण्याची गायकी आत्मसात केली. त्या काळी गाणे राजेरजवाड्यांच्या मर्जीवर जगे, आणि गाणाऱ्याला समाजात प्रतिष्ठा नसे. कुलीन घरात मुलांना गाणे शिकविणे हे कमीपणाचे मानले जाई. ही अवस्था पालटण्याचा विष्णु दिगंबरांनी ध्यास घेतला. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि १९०८ मध्ये मुंबईत त्याचा विस्तार केला. चिजांतील हलक्या शृंगाराचे शब्द बाजूस सारून त्या जागी भक्तिपर शब्द घातले. तुलसी, सूर, मीरा यांची पदे शास्त्रोक्त स्वरांत बांधून त्यांनी ती व्यासपीठावर आणली. ज्या रामधुनीने पुढे राष्ट्रीय चळवळीत लाखो कंठ एकवटले, तिची प्रचलित चाल त्यांचीच मानली जाते.

परंतु एवढ्या थोर कार्याची किंमतही मोठी होती. मुंबईतील विद्यालयाची इमारत कर्जापायी गेली. पंडितजींनी मन आवरले आणि नाशिकच्या पंचवटीत रामनामाचा आश्रय घेतला. संसारातही दुःख होतेच; अनेक अपत्ये बालपणीच निवर्तली होती. अशा घरात २८ मे १९२१ रोजी दत्तात्रेयांचा जन्म झाला. मायेने सारे त्यांना बापू म्हणत, आणि पुढे संगीतक्षेत्रात ते बापूराव याच नावाने ओळखले गेले.

पित्याचा सहवास त्यांना जेमतेम दहा वर्षे लाभला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी विष्णु दिगंबरांनी देह ठेवला, तेव्हा गायनाचे खरे शिक्षण अजून व्हावयाचे होते. मागे धन नव्हते, वास्तू नव्हती. होता तो केवळ नावाचा वारसा, आणि थोर नावाचे ओझे कोवळ्या खांद्यांना किती जड होते हे आपण सारे जाणतो. परंतु विष्णु दिगंबरांनी आपली विद्या हातची राखली नव्हती. शिष्यांना त्यांनी ती मुक्तहस्ताने दिली होती, आणि तेच दान आता त्यांच्या पुत्राच्या उपयोगी आले. चुलतबंधू चिंतामणराव पलुसकर यांनी या मुलाला आधार दिला. पंडित विनायकराव पटवर्धन आणि पंडित नारायणराव व्यास या पित्याच्या पट्टशिष्यांनी त्याला विद्या दिली. पित्याने शिष्यांच्या ओंजळीत घातलेली गंगा शिष्यांनी पुत्राच्या ओंजळीत परत घातली. गुरुऋण फेडण्याचे याहून सुंदर उदाहरण आम्हांला सुचत नाही.

१९३५ साली, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, बापूराव पंजाबातील जालंधरच्या हरवल्लभ संगीत संमेलनात गायिले. ज्या पंजाबात पित्याने विद्यालयाची पहिली वीट रचली, त्याच भूमीत पुत्राच्या जाहीर गायनाचा आरंभ व्हावा, यात आम्हांला दैवी संकेत दिसतो. त्यानंतर त्यांचे नाव देशभरच्या संमेलनांत आणि आकाशवाणीवर दुमदुमू लागले. ग्वाल्हेर घराण्याची शिस्त त्यांच्या गाण्यात पुरेपूर होती. अस्ताई-अंतरा स्वच्छ मांडावा, शब्द स्पष्ट उच्चारावा, राग पहिल्या काही स्वरांतच उभा करावा, तान घ्यावी ती चिजेच्या अंगाने घ्यावी, असे ते गाणे होते. तरीही इतर घराण्यांतील सौंदर्यस्थळे त्यांनी मोकळ्या मनाने टिपली. आवाज गोड, निकोप आणि तिन्ही सप्तकांत सहज फिरणारा. ओढाताण नाही की दिखावा नाही. म्हणूनच शास्त्र जाणणारा आणि न जाणणारा असे दोघेही त्या गाण्यापुढे सारखेच तल्लीन होत.

१९४४ साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. त्या काळच्या तबकड्या लाखेपासून बनविलेल्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या असत. एका बाजूस फार तर सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. जो राग मैफलीत तासभर आळवावयाचा, तो तेवढ्या वेळात कसा सांगावा? या कोंडीत भलेभले गवई अडखळत. बापूरावांनी मात्र तिला साधनेचे रूप दिले. त्यांच्या श्री रागाच्या किंवा गौड सारंगाच्या छोट्या मुद्रिका ऐकाव्यात. आरंभ, विस्तार, तान आणि समाप्ती हे सारे तेथे आहे. घाई कोठेही नाही. लहानशा देव्हाऱ्यातही देवाची सर्व उपचारांनी पूजा व्हावी, तसा हा प्रकार आहे.

भजनांविषयी काय सांगावे? पाऊल टाकावयास शिकणाऱ्या बाळ रामाचे तुलसीदासांचे पद, मनाला गंगा-यमुनेच्या तीरी नेणारे मीरेचे भजन, आणि पित्याच्या परंपरेतील ती रामधून, या मुद्रिका घरोघरी पोहोचल्या. ज्या घरात कधी गवई आला नव्हता, तेथे फोनोच्या कर्ण्यातून शुद्ध राग अवतरला, आणि तो देवाचे नाव घेऊन आल्यामुळे त्याला कोणी उंबरठ्यावर अडविले नाही. संगीत दरबारातून प्रपंचात आणण्यासाठी पित्याने विद्यालये उभारली, ऋण काढले, वास्तू गमावली. पुत्राच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांनी ते स्वप्न स्वयंपाकघरापर्यंत नेले. बापूरावांच्या जीवनाचे सार आम्हांला येथे दिसते.

चित्रपटासाठी ते क्वचितच गायिले. १९५२ च्या बैजू बावरा या चित्रपटात नौशाद यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली उस्ताद अमीर खाँ यांनी तानसेनासाठी, तर बापूरावांनी बैजूसाठी आवाज दिला. देसी रागातील ती जुगलबंदी आजही रसिकांच्या कानांत आहे. १९५५ साली भारताच्या सांस्कृतिक मंडळातून ते चीनलाही जाऊन आले. कीर्तीचा सूर्य माध्यान्हीला चढत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात, दसऱ्याच्या सुमारास, मेंदूज्वराने त्यांना गाठले आणि देशाने सीमोल्लंघन करावे त्या दिवसांत या गायकाने जगाची सीमा ओलांडली. वय अवघे चौतीस.

पहिल्या मुद्रिकेपासून निधनापर्यंतचा काळ जेमतेम अकरा वर्षांचा. त्यामुळे मागे राहिलेला ठेवा मोजका आहे. निधनानंतर त्यांच्या गायनाच्या दीर्घमुद्रिका निघाल्या. आकाशवाणीने जपलेली ध्वनिमुद्रणे प्रकाशात आली, पुढे ध्वनिफिती आल्या, आणि आज तेच स्वर मोबाइलवरही ऐकावयास मिळतात. साधने पालटली, स्वर मात्र कोमेजला नाही.

आमची वाचकांना नम्र विनंती आहे. आज सकाळी पूजा आटोपल्यावर ध्वनिक्षेपक नको, मोठा आवाजही नको. देवघरासमोर सर्वांनी एकत्र बसावे आणि प्रथम तुलसीदासांचे ते पद ऐकावे, मग मीरेचे भजन. सायंकाळी सोने लुटून घरी परतल्यावर, दिवेलागणीच्या वेळी, श्री रागाची मुद्रिका लावावी, कारण तो संधिप्रकाशाचाच राग आहे. घरातील लहानांना सांगावे की हे गाणारा दहाव्या वर्षी पितृसुखास मुकला होता, तरी पित्याने दिलेली विद्या त्याने उतू दिली नाही, टाकू दिली नाही. आपट्याचे पान दोन दिवसांत सुकते. स्वरांचे हे सोने एकदा कानी पडले की आयुष्यभर पुरते. सर्व वाचकांना विजयादशमीच्या मंगल शुभेच्छा.