रोजच्या अभ्यंगाचे आचार्य : वाग्भट

नरक चतुर्दशीच्या पहाटे महाराष्ट्रातील घराघरांत तेलाची वाटी कोमट होते, उटण्याचा गंध दरवळतो आणि 'अभ्यंग' हा शब्द वर्षातून एकदा सर्वांच्या ओठांवर येतो. सुमारे 1400 वर्षांपूर्वी एका वैद्याने हाच शब्द सणाच्या नव्हे, तर रोजच्या कामांच्या यादीत नोंदवून ठेवला होता. दात घासणे, डोळ्यांत अंजन घालणे, मग अंगाला तेल लावणे, व्यायाम आणि स्नान, असा तो क्रम होता. तो लिहिणारे आचार्य म्हणजे 'अष्टांगहृदय' या ग्रंथाचे कर्ते वाग्भट.

चरक आणि सुश्रुत यांच्यासह आयुर्वेदाच्या 'बृहत्त्रयी'त स्थान मिळवलेल्या या आचार्यांच्या आयुष्याचे तपशील मात्र थोडेच हाती लागतात. 'अष्टांगसंग्रह' या ग्रंथाच्या अखेरीस आलेल्या माहितीनुसार त्यांचा जन्म सिंधू देशात झाला. वडिलांचे नाव सिंहगुप्त. आजोबाही नामांकित वैद्य होते आणि त्यांचेही नाव वाग्भटच होते. विद्या मिळाली ती गुरू अवलोकित आणि स्वतः वडील यांच्याकडून. अवलोकित हे नाव बौद्ध परंपरेतील आहे. 'संग्रह' आणि 'हृदय' हे दोन्ही ग्रंथ एकाच वाग्भटाचे की दोघांचे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. 'हृदया'चा काळ साधारणपणे इसवी सन 600च्या आसपासचा मानला जातो.

त्या काळी आयुर्वेदाची आठ अंगे निरनिराळ्या ग्रंथांत विखुरलेली होती. एका वैद्याने सारे ग्रंथ वाचावेत, तर आयुष्य पुरू नये. वाग्भटांनी त्यातील सार वेचून, फार संक्षेप नाही आणि फार विस्तारही नाही, अशा बेताने सहा स्थाने आणि 120 अध्यायांचा ग्रंथ पद्यात रचला. त्यातील दुसराच अध्याय दिनचर्येचा आहे. रोगांच्या आधी निरोगी माणसाचा दिवस त्यांनी विचारात घेतला, हे लक्षणीय.

या अध्यायात अभ्यंगासाठी त्यांनी मोजकेच शब्द खर्च केले आहेत. रोज तेल लावावे. त्याने म्हातारपण, थकवा आणि वात दूर राहतो, दृष्टी स्वच्छ होते, झोप चांगली लागते, त्वचा आणि शरीर बळकट होते, असे त्यांचे प्रतिपादन. यामागे सरळ तर्क आहे. आयुर्वेदाच्या मते वात हा रुक्ष, हलका आणि थंड. तेल त्याच्या उलट स्निग्ध, जड आणि उष्ण. उतारवयात वाताचे प्राबल्य वाढते, म्हणून त्यावर तेलाचा उतारा. डोके, कान आणि तळपाय यांना तेल विशेषकरून लावावे, असेही ते सांगतात. मात्र कफाने ग्रासलेल्या, नुकतेच वमन-विरेचन झालेल्या किंवा अजीर्ण झालेल्या माणसाने अभ्यंग टाळावा, ही सूचनाही ते लगोलग देतात. सर्वांना सर्वकाळ लागू पडणारा उपाय म्हणून त्यांनी तेलाची भलामण केलेली नाही.

स्नान-भोजनाचे नियम सांगून झाल्यावर हा अध्याय वेगळेच वळण घेतो. साऱ्या प्राण्यांची धडपड सुखासाठी असते आणि धर्मावाचून सुख नाही, असे सांगून वाग्भट हिंसा, चोरी, चहाडी, कठोर बोलणे, असत्य अशा दहा पापांचा त्याग करण्यास सांगतात. ही यादी बौद्ध परंपरेतील दहा अकुशल कर्मांशी जुळते. निर्धन, आजारी आणि शोकाकुल माणसांना शक्य ती मदत करावी, किडामुंगीलाही आपल्यासारखेच मानावे, हा उपदेशही त्याच अध्यायातला. वाग्भटांच्या लेखी तेलाने मऊ झालेले अंग आणि दयेने मऊ झालेले मन या दोन निराळ्या साधना नव्हत्या. शरीराची निगा हा त्यांच्या दृष्टीने सदाचाराच्याच वाटेवरचा टप्पा होता.

ग्रंथ लोकांपुढे ठेवताना त्यांना एका आक्षेपाची जाणीव असावी. चरक, सुश्रुत हे ऋषी. वाग्भट ऋषी नव्हेत. मग त्यांचे का ऐकावे? शेवटच्या अध्यायात त्यांनी याचे निर्भीड उत्तर दिले. केवळ ऋषींचे म्हणून ग्रंथ वाचायचे, तर भेलासारख्यांच्या संहिता मागे टाकून चरक-सुश्रुतच का वाचले जातात, असा त्यांचा सवाल होता. वातावर तेल, पित्तावर तूप आणि कफावर मध हितकर, हे ब्रह्मदेवाने सांगितले काय किंवा त्याच्या पुत्राने सांगितले काय, सांगणारा बदलल्याने औषधाचा गुण बदलत नाही, असे त्यांनी बजावले. तेलाचा दाखला देऊन त्यांनी व्यक्तिप्रामाण्य नाकारले.

काळाने त्यांच्या बाजूने कौल दिला. अकराव्या शतकात 'अष्टांगहृदय' तिबेटी भाषेत गेले. केरळातील अष्टवैद्यांच्या घराण्यांनी ते मुखोद्गत केले. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने त्यावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने 1939 मध्ये अरुणदत्त आणि हेमाद्री यांच्या टीकांसह ते छापले. आयुर्वेद महाविद्यालयांत ते आजही शिकवले जाते.

शहरी धावपळीत अभ्यंग एका पहाटेपुरता किंवा महागड्या मसाजकेंद्रापुरता उरला आहे. वाग्भटांचा अभ्यंग ना खर्चिक, ना सणाचा. दिनचर्येच्या अखेरच्या भागात, आपले दिवस आणि रात्री कशा जात आहेत, हे स्वतःला नित्य विचारणारा माणूस दुःखाचा धनी होत नाही, असे त्यांनी लिहिले आहे. रोज सकाळी वाटीभर तेल घेऊन स्वतःसाठी काढलेला थोडा वेळ हा तो प्रश्न विचारण्याचाही अवकाश ठरतो.