शर्यतीच्या होड्यांचे नियमकर्ते : नॅथॅनिएल हेरेशॉफ

आमच्या धाराशिवच्या मुलांस समुद्र दुर्मिळ. नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदीचें अडविलेलें पाणी पाहिलें कीं बहुतेकांची जलयात्रा संपली. तथापि शिडाच्या होड्यांची शर्यत हा मोठा खेळ असून त्यांत बुद्धीची कसोटी होडी पाण्यांत उतरण्यापूर्वींच लागते. त्या खेळास नियम घालून देणाऱ्या एका पुरुषाचें वृत्त आम्ही येथें देत आहों.

नॅथॅनिएल हेरेशॉफ यांचा जन्म अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड प्रांतीं, ब्रिस्टल गांवीं, १८ मार्च १८४८ रोजीं झाला. वडील बंधु जॉन लहानपणींच अंध झाले. परंतु होड्या बांधण्याचा त्यांचा नाद सुटला नाहीं, व नॅथॅनिएल त्यांचे डोळे झाले. पुढें मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत शिकून ते कॉर्लिस यांच्या वाफेच्या यंत्रांच्या कारखान्यांत राहिले. १८७८ सालीं दोघां भावांनीं ब्रिस्टलला स्वतःचा कारखाना काढला. जॉन व्यवहार पाहत. नॅथॅनिएल लांकडाचा अर्धा नमुना हातानें कोरीत, व त्याच्या मापांवरून पूर्ण होडी उभी राही.

तत्पूर्वीं, १८७६ सालीं, न्यूयॉर्कच्या शर्यतींत त्यांनीं दोन अरुंद नावा जोडून केलेली ‘अ‍ॅमॅरिलिस’ उतरविली. तिनें सर्वांस मागें टाकिलें. हरलेल्यांनीं तक्रार केली, आणि असल्या जोडनावा शर्यतींतून वगळण्यांत आल्या. नवी युक्ति दडपावी तर विद्येची वाढ खुंटते. मोकळी सोडावी तर कालची होडी आज निरुपयोगी होते. आमच्या मतें त्या दिवशीं अन्यायच झाला.

१८८८ सालीं एक दुःखद गोष्ट घडली. ‘से व्हेन’ नामक वाफेच्या नौकेच्या चाचणींत वेग वाढावा म्हणून त्यांनीं सुरक्षेची झडप बंद केली. बॉयलर फुटून एक माणूस प्राणास मुकला, व हेरेशॉफ यांचा परवाना गेला. चरित्रकारानें हें झांकूं नये.

त्या काळीं होडीचें मान जलरेषेवरील लांबी व शिडांचें क्षेत्र एवढ्यावरूनच ठरे. १९०३ सालची त्यांची ‘रिलायन्स’ पाहा : जलरेषेवर सुमारें ९० फूट, परंतु दोन्ही टोकें पाण्याबाहेर लांबवून एकंदर सुमारें १४४ फूट! होडी कलली कीं टोकें पाण्यास लागत आणि लांबी आपोआप वाढे. शिडें १६,१६० चौरस फूट. तिनें अमेरिका चषक राखला, व १९१३ मध्यें ती भंगारांत गेली. १८९३ पासून १९२० पर्यंत त्यांच्या पांच होड्यांनीं तो चषक राखिला.

नियमांतील फट ज्यांस सर्वांत चांगली ठाऊक, त्यांनींच ती बुजविली. न्यूयॉर्क यॉट क्लबनें १९०३ सालीं त्यांचा नवा नियम मान्य केला. लांबीस शिडांच्या क्षेत्राच्या वर्गमूळानें गुणावें, होडीनें सारलेल्या पाण्याच्या घनफळाच्या घनमूळानें भागावें, व आलेल्या संख्येस ०·१८ नें गुणावें. वरच्या इयत्तेंतील मुलांच्या ध्यानांत येईलच कीं, जड व सुदृढ होडीचा भाजक मोठा असल्यानें तिचें मान कमी भरतें. म्हणजे पोकळ, नाजुक होड्या बांधण्याचा मोह आटोपतो. १९३०, १९३४ व १९३७ चे चषकसामने याच नियमाच्या होड्यांनीं झाले.

परंतु आम्हांस त्यांचें दुसरें कार्य अधिक मोलाचें वाटतें. १९०५ सालीं त्यांनीं एकाच मापाच्या १८ होड्या त्या क्लबासाठीं बांधल्या. होड्या सारख्या असल्या कीं पैशाचा जोर चालत नाहीं. नाविकाचें कौशल्यच उरतें. म्हणूनच अशा वर्गाचें मंडळ फीत व तराजू घेऊन बसतें, आणि शीड बोटभर मोठें निघालें तरी हरकत घेतें. मुंबईच्या समुद्रांत १९८२ च्या आशियाई स्पर्धेंत फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनीं सुवर्णपदक मिळविलें, तें अशाच एका वर्गांत, ‘फायरबॉल’मध्यें.

१९१४ सालीं हेरेशॉफ यांनीं बझर्ड्स उपसागरांतील मुलांसाठीं साडेबारा फूट जलरेषेची एक होडी आखिली. २ जून १९३८ रोजीं ब्रिस्टललाच त्यांचें देहावसान झालें. ती लहान होडी अद्यापि शर्यतींत धांवते, व तिच्या मालकांचें मंडळही आहे.